कढई पुसणारी बाई

शकू आत्याच्या चित्रांना कुणी ‘गोड’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. ‘अगदी घरगुती हो, किती गोड!’ असं म्हणत माना वेळावणाऱ्या माणसांना मी आजवर बऱ्याचदा तोंडावर सुनावलं आहे. त्यापायी काही घरची आमंत्रणं कायमची बंद झाली. झाली तर झाली. ज्या घरातून ती चित्रं निघाली त्या घरात मी वाढले आहे, आणि तिथे गोडापेक्षा तिखट जास्त होतं. आत्यानं ते तिखटच लाकडात कोरलं. आता लोकांना ते गोड लागत असेल तर दोष त्यांच्या जिभेचा आहे. वय झालं की राग निवतो असं म्हणतात. माझा निवलेला नाही आणि मला तो निववायचाही नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला बसले आहे.

नाशिक रोडला रेल्वेलाईनच्या अलीकडे आमचं क्वार्टर होतं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक अंधारी खोली आणि मागच्या बाजूला पत्रा टाकून घेतलेला व्हरांडा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये फिटर होते आणि त्यांचा सगळा दिवस भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की आईचे कान टवकारायचे. मग सायकलचं स्टँड खाली पडल्याचा आवाज, मग मोरीत पाय धुतल्याचा आवाज, मग ‘झालं का?’ हे दोन शब्द. त्या ‘झालं का?’ला ‘हो’ एवढंच उत्तर चालायचं. तोवर तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली असायची आणि स्टेशनात कुठल्या तरी मालगाडीचे डबे एकमेकांवर धडाधड आपटत असायचे. ते डबे आपटले की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला सवय होती.

जेवायला बसायचा क्रम ठरलेला होता आणि तो कुणी ठरवला हे विचारायची सोय नव्हती. आधी अण्णा आणि माझा धाकटा भाऊ नितीन. नितीन तिसरीत होता, पण पुरुष होता. त्यांच्याच पंगतीला शकू आत्या, कारण ती कमावती होती. मग मी. आणि सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर, ओटा पुसून झाल्यावर, उद्याची मटकी भिजत घातल्यावर, आई. विंचूरकडच्या आमच्या शेतातून कांद्याची गोणी यायची, बाजरी यायची, कुळीथ यायचे. घरात अन्नाची वाण नव्हती. तरीही आई रोज कमी जेवायची, कारण कुणी ‘अजून वाढ’ म्हटलं की ती तिच्या वाटचं वाढायची. हे उघड्या डोळ्यांनी सगळे बघत होते. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं, हे मला शकू आत्यानं शिकवलं.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, शाळेत चित्रकलेची बाई. तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं यावर गावाकडे जी काही मतं होती ती तिच्या पाठीमागे मोठ्यानं आणि तोंडावर हळू बोलली जायची. शाळेतून आली की ती मागच्या व्हरांड्यात फतकल मारून बसायची. मांडीवर लाकडाची फळी, हातात कोरणी. जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, जे काळं हवं ते राखायचं. मग फळीवर रोलरनं शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि स्वयंपाकघरातल्या डावाच्या पाठीनं तो कागद घासत बसायचा. आईचा एक डाव त्यात कायमचा गेला. कागद उचलला की चित्र उलटं येतं. फळीवर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे. ओल्या छापा कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या असायच्या, नितीनच्या चड्ड्यांच्या आणि आईच्या परकरांच्या मध्ये. “एका घरात दोन छापखाने,” अण्णा म्हणायचे. “आमचा देश चालवतो, हिचा दोरी अडवतो.” यावर तेच हसायचे.

आणि त्या छापांत असायचं काय? आम्हीच असायचो. वेणी घालताना आई माझे केस ओढते तेव्हाचं माझं वाकडं तोंड. रॉकेलच्या रांगेत डब्यावर बसून पेंगणारी शेजारची बाई. ड्युटीवरून आलेले अण्णा, एक मोजा काढलेला, दुसरा तसाच, भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेले. त्या चित्रात अण्णांचा थकवा इतका खरा होता की मला त्यांची कीव यायची, आणि कीव आली की माझाच मला राग यायचा. आत्या मला शेजारी बसवून म्हणायची, “काय दिसतंय ते आधी सांग. काय वाटतंय ते नंतर.” मी सांगायची. मोजा दिसतो. मोज्याला भोक आहे. भोकातून अंगठा आलाय. असं सांगता सांगता तो माणूस माझ्यापुढे उभा राहायचा. शाळेतल्या कुठल्याही पुस्तकानं मला एवढं शिकवलं नाही.

त्या दिवशी आईनं शेंगोळी केली होती. कुळथाच्या पिठाची, लसणाची, काळ्या मसाल्याचा झणका असलेली. ती वळायला तिची अख्खी दुपार गेली होती. संध्याकाळी अण्णा त्यांच्या खात्यातल्या दोन मित्रांना न सांगता जेवायला घेऊन आले. मित्र बिचारे चांगले होते, पण खाणारे होते. “वहिनी, काय चव आहे!” म्हणत त्यांनी वाट्यांवर वाट्या रिचवल्या आणि अण्णा आतल्या अंगाला बघून “आण गं अजून” म्हणत राहिले. आई आणत राहिली. पाहुणे पान खायला बाहेर गेले तेव्हा कढईच्या बुडाला नुसता मसाल्याचा रंग उरला होता. आई स्वयंपाकघराच्या दाराआड बसली, कढई पुढ्यात ओढली आणि भाकरीच्या तुकड्यानं ती पुसून खाऊ लागली.

“वहिनी, कढईत खाऊ नये, लग्नात पाऊस पडतो,” आत्या थट्टेनं म्हणाली. पण तिनं तोवर फळी मांडीवर घेतली होती.

“पडायचा तो पडून गेला, वन्सं,” आई म्हणाली. “अजूनबी गळतंय.”

आत्या हसली नाही. ती भराभर फळीवरच चित्र काढत होती. एरवी ती आधी कागदावर काढायची, मग ट्रेसिंगचा कागद उलटा करून फळीवर उतरवायची, म्हणजे छाप सुलट यावी. त्या दिवशी तिनं तसं केलं नाही. आई ज्या हातानं खात होती तो उजवा हात तिनं जसा दिसला तसा सरळ लाकडावर उतरवला. पुढचे बरेच दिवस ती त्या फळीवर कोरत होती.

पहिली छाप निघाली तेव्हा मी तिथे होते. मी आजवर मोठमोठ्या ठिकाणी चित्रं पाहिली आहेत, पण एखाद्या कागदापुढे छातीत धस्स व्हावं असं पुन्हा झालेलं नाही. आई कढईवर वाकलेली. एक गुडघा उभा, म्हणजे कुणी हाक मारलीच तर झटकन उठता यावं. मान खाली, पण कान बाहेरच्या खोलीकडे, कारण कुणी तरी पाणी मागणार. गालाचं हाड वर आलेलं. कढईच्या आत फक्त एक बारीक पांढरी रेघ, पुसून लख्ख झालेल्या बुडाची. त्यात अन्नाचा कण नव्हता. हे सगळं मी रोज बघत होते, आणि त्या दिवशी मला ते दिसलं. मला रडू आलं नाही. मला कुणाला तरी मारावंसं वाटलं.

आई पदराला हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “माझं नाक एवढं मोठं हाय?” आणि मग, “वन्सं, मी डाव्या हातानं जेवती का?”

खरंच की. छाप उलटी आली होती. चित्रातली आई डाव्या हातानं जेवत होती.

“चुकलंच माझं,” आत्या म्हणाली. “उलटं करून घ्यायला वेळच नव्हता. तुम्ही जेवायला बसलात आणि उठलातसुद्धा. ट्रेसिंग करत बसले असते तर तुम्ही भांडी घासताना दिसला असतात.”

आईनं पुन्हा चित्राकडे बघितलं. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “घाईच हाय ती.”

शहरातल्या एका कलामंडळानं आत्याला प्रदर्शन भरवायला बोलावलं होतं. तिचं पहिलंच. अण्णांना त्याचा अभिमान वाटत नव्हता असं मी म्हणणार नाही. खात्यात त्यांनी सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं, गावाकडे त्यांच्या थोरल्या भावालाही निरोप धाडला होता. ते मोठे काका एका रविवारी कांद्याच्या टेम्पोबरोबर आले, मोरीकडे जाताना दोरीखालून वाकले आणि वाकलेलेच थांबले. चिमट्याला ती छाप लटकत होती.

“आरं, ही आपली धाकटी सून ना?” काका म्हणाले. “डाव्या हातानं जेवतीय व्हय? आपल्या घरात?” आणि ते असे काही हसले की शेजारणी खिडकीत आल्या. “लोक म्हणतील, पाटलांच्या घरात बायकांना जेवायचा हात कोनता अन् धुवायचा कोनता, त्ये बी शिकवलं नाय. शके, चारचौघांत लावनार हायेस हे?”

अण्णांचा चेहरा उतरला. तो हात. त्या दोन भावांना एवढ्या मोठ्या कागदावर फक्त हात दिसला. बाई उपाशी आहे, कढई कोरडी ठणठणीत आहे, गुडघा उठायच्या तयारीत आहे, काही नाही. डावा हात! आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान तापतात.

“दुरुस्त कर ते,” काका गेल्यावर अण्णा म्हणाले.

“लाकडात दुरुस्ती होत नाही, अण्णा. कोरलेलं परत येत नाही,” आत्या म्हणाली.

“मग लावायचं नाही.”

“लावणार.”

“माझ्या घरात राहून माझीच शोभा करायची? माझी बायको, तिचं चित्र, आणि मी सांगतोय तर...”

“तिला विचारलंत?” आत्या म्हणाली.

अण्णांनी तिला विचारलं नाही. दोरीवरची छाप ओढून काढली, तिचे तुकडे केले आणि पाणी तापवायच्या बंबात घातले. तेवढीच एक छाप निघाली होती. पण फळी शाबूत होती, दुसरी छाप कधीही काढता आली असती. अण्णा आयुष्यभर छपाईच्या यंत्रांत वावरलेले. कागद जाळून काही होत नाही, मूळ ठसा मोडावा लागतो, हे त्यांना आत्याइतकंच ठाऊक होतं. मंगळवारी ती शाळेत गेलेली असताना त्यांनी रजा टाकली, व्हरांड्यात बसले आणि पटाशी-हातोडी घेऊन फळीतला तो हात काढून टाकला.

रागानं ठोकून काढला असता तर मी कदाचित समजू शकले असते. त्यांनी तो मन लावून काढला. चारी कडा गुण्या लावल्यासारख्या काटकोनात, कोपरे स्वच्छ, तळ सपाट. मी शाळेतून आले तेव्हा ते पॉलिश पेपरनं कडा घासत होते. मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, “ओरडतेस काय? आता यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा आणि त्यावर उजवा हात काढायचा. झाली दुरुस्ती.” त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मदत केली आहे. यंत्राचा एक दात तुटला, दुसरा बसवला.

आत्या आली, तिनं फळी हातात घेतली. त्या चौकोनी खळग्यात तिचं बोट गेलं. “अण्णा,” ती इतकंच म्हणाली, “उजवा हात त्या बाजूला येत नाही. तो दुसऱ्या बाजूला असतो.” मग ती मधल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. भिंतीवर मधोमध हेच चित्र लावायचं तिनं ठरवलं होतं, आणि आता ती म्हणत होती की काहीच लावायचं नाही. कोरण्या तिनं एका फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. “बस झालं,” म्हणाली. मी तिच्या हातापाया पडले. काही उपयोग झाला नाही.

मग गुरुवारी दुपारी, अण्णा ड्युटीवर असताना, आई मधल्या खोलीत आली. तिच्या काखेत ती फळी होती आणि हातात शाईचा डबा.

“वन्सं, उठा. छापा,” आई म्हणाली.

“काय छापू, वहिनी? हात कुठंय त्यात?”

“नाय तर नाय. हात होता तर समदे हातच बघत होते.” आईनं फळी तिच्यापुढे टेकवली. “आता निदान लोकांना कढई तरी दिसंल.”

आत्या उठून बसली. मला तो क्षण अजून दिसतो. आईनं कधी कुणाला हुकूम सोडलेला मी ऐकला नव्हता. तिनं चित्रकलेची परीक्षा दिलेली नव्हती, तिनं त्या फळीत आपलं आयुष्य तेवढं पाहिलं होतं, आणि ते पुसलं जाणार म्हणून ती चिडली होती. त्या दुपारी आम्ही तिघींनी छापा काढल्या. कागदावर डाव आईनंच घासला. कागद उचलला, तर कढईवर वाकलेली बाई, तोंड जरासं उघडं, आणि जिथे घास घेणारा हात असायला हवा तिथे कोरा पांढरा चौकोन. कढई पहिल्यापेक्षा रिकामी दिसत होती.

इथे जरा थांबून आजचं सांगते. आत्याचं हे चित्र पुढे बरंच गाजलं. गेल्या वर्षी माझा भाचा मला विंचूरकडच्या एका रिसॉर्टवर घेऊन गेला, तर तिथल्या जेवणघरात भिंतभर मोठं करून तेच लावलेलं. खाली लिहिलं होतं, ‘आईच्या हातची चव’. आईच्या हातची! मी मॅनेजरला बोलावून विचारलं की बाबा रे, हात कुठे आहे? तो म्हणाला, मॅडम, आर्ट आहे. आणि एका जाणत्या गृहस्थांनी तर कुठल्याशा कॅटलॉगमध्ये लिहून ठेवलंय की तो पांढरा चौकोन म्हणजे घरात शिरलेला प्रकाश. माझ्या बापाच्या पटाशीला हे लोक प्रकाश म्हणतात. भाचा मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला, नाहीतर त्या दिवशी मी ताट फेकलं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्यानं आईला पहिल्यांदा शहरात चित्रं बघायला नेलं. आईनं लग्नातलं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. हॉलमध्ये गर्दी बरी होती. अण्णा खात्यातल्या मंडळींना घेऊन आले, सोबत मोठे काका. आत्यानं ऐकलं, ते चित्र काही लावलं नाही, अशी त्यांची समजूत होती. मोज्याचं चित्र बघून मित्र खदखदून हसले, अण्णाही हसले. मग ती सगळी टोळी मधल्या भिंतीपाशी आली आणि अण्णांचं हसू गालावरच थांबलं.

पाहुण्या म्हणून आलेल्या एक बाई त्या चित्रापुढे कधीच्या उभ्या होत्या. भारी साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. “केवढी रिकामी आहे हो ही कढई,” त्या आपल्याशीच म्हणाल्या. मग वळून त्यांनी मोठ्यानं विचारलं, “पण मला सांगा, या बाईचा हात कुठे गेला?”

आत्यानं आईकडे बघितलं. अण्णा खिशातला रुमाल काढून मान पुसू लागले. काका म्हणाले, “छपाईत गेला आसंल, होतं आसं.”

“छपाईत नाय गेला,” आई म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अण्णांकडे बोट केलं. “ह्यांनी काढला.”

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण ज्यांनी ऐकायचं त्या सगळ्यांनी ऐकलं. आमच्याकडे येऊन शेंगोळी खाऊन गेलेले ते दोन मित्रही तिथेच होते. त्यांतल्या एकानं चित्राकडे बघितलं, आईकडे बघितलं, पुन्हा त्या कढईकडे बघितलं आणि मान खाली घातली. पाहुण्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अण्णांना असं निरखलं की जणू तेही भिंतीवर टांगलेले आहेत.

“चल आता,” अण्णा दात आवळून म्हणाले. “घरी चल. जेवायची वेळ झाली.”

“तुम्ही व्हा फुडं,” आई म्हणाली. “मला आजून बघायचंय.”

अण्णा एकटे घरी जाऊ शकले असते, पण घरी स्वयंपाक झालेला नव्हता. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आईनं पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. एकेका चित्रापुढे ती उभी राहायची, मान तिरकी करून बघायची, आत्याला काहीबाही विचारायची, पुढे जायची, आणि काही राहिलंसं वाटलं की पुन्हा मागे यायची. हॉलचा शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हाही तिची शेवटची भिंत बघायची बाकी होती. त्याला तिनं थांबायला सांगितलं.